गोलकीपरची बॅग

आमच्या ओरेस्टला गोलकीपरांचा भारी सोस. ओरेस्ट हाल्को म्हणजे आमच्या ब्रँट क्रॉसिंगच्या ज्युनिअर आइस हॉकी संघाचा मॅनेजर. दर जानेवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी, याच्या अंगात येतं. एका वर्षी ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवी पोरं निवडायच्या, आपल्या पाळ्या देऊन गोलकीपर आणायचा आणि पुढच्या वर्षी तोच गोलकीपर देऊन पाळ्या परत घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी तर याने स्वतःचीच दुसऱ्या फेरीची पाळी परत मिळवली आणि त्या आनंदात सगळ्यांना कॉफी पाजली.

मी व्हर्ना. एकोणीस वर्षं संघाचं सामान सांभाळते. स्केटना धार लावते, फाटलेलं शिवते. कुणाची अदलाबदल झाली की त्याची बॅग मीच भरते, त्यामुळे त्या दिवशी पोरं माझ्या हातांवर नजर ठेवून असतात.

यंदा दुपारी दोनला ओरेस्टने मला हळूच सांगितलं, "रायलनला रेडफोर्डच्या संघाला देतोय. बदल्यात सतरा वर्षांचा गोलकीपर आणि दुसऱ्या फेरीची पाळी. तीनला मुदत संपते. त्याच्या आत त्यांचा फोन येईल, हो म्हटलं की झालं."

"परत दुसऱ्या फेरीची पाळी?"

"ही वेगळी आहे."

"हो, हिला शिंगं असतील."

पण मला वाईट वाटलं. आमचा गोलकीपर रायलन फ्रीसन आमच्याकडे चार हंगाम खेळला. आता वीस वर्षांचा, म्हणजे लीगमधलं हे शेवटचं वर्ष. शेवटचा सामना इथेच खेळायचा, मग बापाच्या शेतावर जायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

पावणेतीनला मी रायलनची बॅग खुंटीवरून काढली आणि त्याच्या पायांचे पॅड तिच्याशेजारी जमिनीवर ठेवले. त्याने पाहिलं. एकेकाशी हात मिळवत तो ओरेस्टच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

आमच्याकडे एक रीत आहे. निरोपाचा हात हातात असताना फोन घ्यायचा नाही. ओरेस्टसुद्धा ती पाळतो.

रायलन एरवी अबोल. त्या दिवशी मात्र ओरेस्टचा हात हातात घेतला आणि सुटला.

"साहेब, मला कुणी घेत नव्हतं तेव्हा तुम्ही घेतलंत. पहिल्याच सामन्यात मी नऊ गोल खाल्ले. परतताना बसमध्ये तुम्ही शेजारी येऊन बसलात. बोलला काहीच नाहीत, फक्त अर्धं सँडविच दिलंत."

फोन वाजायला लागला. ओरेस्टने फोनकडे पाहिलं, मग पोराकडे. "अंड्याचं होतं," तो म्हणाला.

फोन वाजून वाजून थांबला. तीन वाजून गेले.

"तुला कुणी सांगितलं रे?" ओरेस्टने विचारलं.

"व्हर्ना बॅग भरत होत्या."

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"भरत कुठे होते? पॅडचा पट्टा तुटला होता, शिवायला काढला."

"दाखव."

मी पॅड आणून दिला. ओरेस्टने एका हाताने पट्टा दोनदा ओढून पाहिला. "हा तर धडधाकट आहे."

"शिवून झाला," मी म्हटलं.

त्याने पॅड माझ्याकडे परत दिला. "जा, बॅग खुंटीला लाव. आणि तू रे, हात सोड आता माझा."

रायलनने काही तो सोडला नाही.