जावयानं मागितलेला गुलमोहर

बहात्तर साली धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला, आणि त्याच महिन्यात काकासाहेबांच्या दारातला गुलमोहर पहिल्यांदा फुलला. काकासाहेब रस्त्यानं जाणाऱ्याला अडवून तो दाखवायचे.

दुसऱ्यांच्या घरांवर कोर्टाच्या जप्त्या नेण्यात ह्या बेलिफाची हयात गेली. निवृत्त झाल्यावर जीव लावला तो ह्या एका झाडाला. टणक बी गरम पाण्यात भिजवून रुजवलं, भोवती बाभळीचे काटे रोवले, खालच्या फांद्या छाटून वर छत्रीसारखा घेर धरवला. पाण्याची टंचाई पडल्यावर तर घरातल्या सगळ्यांनी झाडाच्या आळ्यातच अंघोळ करायची, तीही बिनसाबणाची. त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, लुगड्याचा आडोसा करून बसावं लागे. त्या म्हणायच्या, सून म्हणून आले आन् झाडाची मोलकरीण झाले. पण काकासाहेबांचं एकच स्वप्न होतं: त्या सावलीत बाज टाकून म्हातारपण काढायचं.

लेक मनकर्णा आणि जावई कानिफनाथ धोंड्याला पाथर्डीहून आले. जावयालाही आळ्यातच न्हाऊ घातलं. मग झाडाखाली पाट मांडला. ताटात पुरणाचे धोंडे, अनारसे, तूप. बघायला चार सोयरे. जावयानं रुसायचं, सासऱ्यानं विचारायचं, मागितलेलं मिळालं की मगच घास उचलायचा, ही रीत. काकासाहेबांच्या खिशात नवं घड्याळ तयार होतं.

"मागा जावईबापू. दिलं म्हनून समजा."

कानिफनाथनं वर पाहिलं.

"मामा, हे झाड द्या."

सोयरे हसले. काकासाहेबही हसले आणि मधेच थांबले. जावई हसत नव्हता. काकासाहेबांनी घड्याळ काढलं, त्याच्या कानाला लावून टिकटिक ऐकवली. त्याचा हात मांडीवरून हलेना. धोंडे गार पडले. धोंड्याचा जावई उपाशी उठणार म्हणून सोयरे कुजबुजायला लागले. तेवढ्यात गोजरबाई पुढं झाल्या आणि जावयाच्या ओंजळीत दानाचं पाणी सोडून मोकळ्या झाल्या.

"दिलं. जेवा."

काकासाहेबांचा आ मिटेना. मग त्यांनी पायरीकडं बोट केलं.

"पर नेनार कसं? मुळं पार पायरीखाली गेल्यात."

"नेतोय कशाला?" तोंडात धोंडा कोंबत जावई म्हणाला. "आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, ह्याला कुठलं घालू? झाड हितंच ऱ्हाऊ द्या. आमीच येतो त्याच्याकडं."

आणि आले की! आठवड्याच्या आत एस.टी.च्या टपावरून बाज उतरली, ट्रंक उतरली. मागाहून रस्त्यानं चालत म्हैस आली. ती बुंध्याला बांधली, बाज सावलीत पडली, आणि बाजेवर जावई पायावर पाय टाकून.

काकासाहेब पायरीवर उन्हात बसून नुसते बघत होते. घाम पुसून पुसून पंचा ओला झाला. शेवटी कानिफनाथलाच दया आली. तो बाजेवर जरासा सरकला.

"या मामा, टेका घटकाभर," तो म्हणाला. "परक्यावानी करू नका."