पूर्वेकडचा कोपरा

मोरिवलीतल्या बुधाजी पाटलाच्या घरातली आतली खोली भाड्याने मिळाली, तेव्हा कुमुदिनीला स्वर्ग लाभल्यासारखं झालं. नवरा श्यामकांत कारखान्यात लागून वर्ष झालं, तरी अंबरनाथात जागा नव्हती. कल्याण कॅम्पातल्या बराकींत तर गोणपाटं लावून एकेका दालनात निर्वासितांची चार-चार बिऱ्हाडं राहत होती. इतके दिवस तो मित्राच्या व्हरांड्यात झोपायचा, ती आणि तान्ही उमा साताऱ्याला. ही खोली गेली, तर पुन्हा तेच.

म्हणूनच घरमालकीण जनीकाकीचं वागणं तिला खुपू लागलं.

काकी रोज काहीतरी निमित्त काढून आत यायच्या. कधी माळ्यावरचा कोयता हवा, कधी सूप. घ्यायचं ते घेतलं, तरी पाय निघायचा नाही. पूर्वेकडच्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या, भिंतीवरून हात फिरवायच्या, खिडकीचं दार लोटून पुन्हा उघडायच्या. एकदा तर कुमुदिनीची ट्रंक जरा सरकवून खालची जमीन चाचपली.

"ओल आहे का हो तिथे?"

"नाय गो बाय. सुकी हाय. बरी हाय." आणि काकी भर्रकन बाहेर.

रात्री श्यामकांत म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक आलं असेल. जागेसाठी माणसं काय वाटेल ते देतायत."

"गिऱ्हाइकासाठी कुणी जमीन चाचपतं का?"

"मग विचार ना सरळ!"

"आणि त्या हो म्हणाल्या तर?"

दोन दिवस तिने कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती उमाला न्हाऊ घालत असताना काकी पुन्हा कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. कुमुदिनीला राहवेना.

"काकी, खोली रिकामी हवीय का तुम्हाला?"

काकी मटकन खाली बसल्या.

"माज्या वेणूचं पयलं बालंतपन हाय. पयलं आयेच्या घरी करत्यात. मी याच कोन्यात जनली तिला. बाहेर पडवीत गुरं, पलीकडं भाताची कणगी. तुमाला जा कसं सांगू? आनि तिला येऊ नको कसं सांगू?"

कुमुदिनी उमाला पंच्यात गुंडाळता गुंडाळता थांबली. खोली जाण्याची धास्ती होतीच. पण त्या धास्तीशेजारी एक भलतंच कुतूहल येऊन बसलं.

"बाज कशी लावायची? डोकं कुठे? शेगडी कुठे ठेवता?"

"आँ?"

"सांगा ना. मधे माझं लुगडं बांधू. या बाजूला आम्ही, त्या बाजूला वेणू."

"आनि तुजा दादला?"

"तो ओटीवर, बुधाजीबाबांजवळ. त्याला व्हरांड्याची सवय आहे!"

काकी डोळे पुसता पुसता हसल्या. "तो माज्या नावानं बोटं मोडील गं."

त्याने मोडलीही. पण मोडता मोडता लुगडं बांधायला खिळे त्यानेच ठोकले.

पुढच्या बाजारच्या दिवशी बैलगाडी दारात थांबली. पोट सावरत वेणू उतरली, अंगण ओलांडून आत आली आणि स्वतःच्याच घरातल्या त्या खोलीच्या उंबऱ्याशी अडखळली. आतल्या ट्रंकेकडे, स्टोव्हकडे, दोरीवरच्या लंगोटांकडे बघत राहिली. मग शहरातल्या बाईशी बोलावं तसं जपून म्हणाली, "येऊ काय आत?"

कुमुदिनीने उमाला वेणूच्या हातात दिलं आणि तिचं गाठोडं स्वतः उचललं.