गोमाच्या पितराला कावळा शिवेना

"हिराबाय, बांबूच्या पलीकडं जाऊ नको, सांगून ठेवतो!" झिपरू ओरडला.

"मेल्या, तुला नागडा फिरताना बगितलाय मी," म्हणत हिराने ताज्या बोंबलांची टोपली खाली आपटली.

सुरतेत प्लेग आल्याचं रेडिओने सांगितलं आणि पाम गावाच्या पुढच्या या वाडीने वेशीवर बांबू आडवा टाकला. सुरतेचं कोणी इकडे फिरकलं नाही. मग अडवायचं कोणाला? तारापूरच्या किनाऱ्यावरून रोज मासळी आणणारी हिरा सापडली. तिची बहीण उंबरगावला दिलेली, उंबरगाव सुरतेच्या वाटेवर, म्हणजे प्लेग हिराच्या टोपलीत बसून येणार! हे डोकं वाडीचा पुढारी एकनाथ याचं. पहाऱ्याला त्याने आपलाच गडी झिपरू बसवला. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा वारा लागतो म्हणून त्यालाही आत यायला बंदी! वा रे न्याय! बिचाऱ्याची भाकर काठीला बांधून बाहेर यायची.

हिराला रडू आलं. वाडीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिने दूध यावं म्हणून आठवणीने मुशी मासा आणून दिलेला. आज बोंबील नासले तर तिची चूल पेटणार नव्हती. ती तिथेच बसून राहिली.

त्याच दिवशी एकनाथच्या बापाचं, गोमाचं, पितर होतं. कौलावर पान ठेवून दुपार झाली तरी कावळा शिवेना. "बाबा, शेत विकनार नाय," "बाबा, आयेला सांभालीन," असं बोलून बोलून एकनाथचा घसा बसला. शिवणार कसा? वाडीतले झाडून सारे कावळे बांबूवर बसून हिराच्या टोपलीकडे बघत होते.

एकनाथ तणतणत आला. "हिराबाय, टोपली उचल नि घरी जा. कावळे आमचे हायेत."

"घेऊन जा की! मी काय बांधून ठेवलेत?"

त्याने हात हलवले, दगड भिरकावले. कावळे ढिम्म. मागून त्याची म्हातारी येसूबाई आली.

"अरे, तुजा बाप बोंबलाबिगर घास गिळत नव्हता. उपाशी हाय तो! बोलव तिला."

"येते," हिरा म्हणाली. "पन टोपली तू घ्यायची, डोक्यावर. आनि झिपरू पन आत येनार."

"लोक काय म्हनतील?"

"बाप काय म्हनतो ते बग पयलं."

एकनाथ निघाला. बोंबलांचं पाणी कानांवरून गळतंय आणि वर कावळ्यांचं वऱ्हाड. अंगणात पोचतो तोच एका कावळ्याने टोपलीतला बोंबील उचलला, कौलावर बसून खाल्ला आणि जाता जाता खिरीत चोच बुडवली. "शिवला! शिवला!" सारी वाडी ओरडली. प्लेग कोणाच्या लक्षात राहिला नाही. बघता बघता टोपली खपली.

जेवायला हिराचं पान ओटीवर मांडलं. झिपरूचं मात्र गोठ्यापाशी, वर्षानुवर्षं मांडायचे तिथेच. हिराला ते फार लागलं; आज सकाळपासून दोघं एकाच मातीत बसली होती. तिने आपलं पान उचललं आणि झिपरूच्या शेजारी जाऊन बसली. वाढायचं पातेलं घेऊन येसूबाईही तिकडे गेली.

"सरक रे," ती झिपरूला म्हणाली.

ओटीवर एकटा एकनाथ राहिला, आणि त्याला वाढायला कोणीच उरलं नाही.