कर धंदेवाल्यांवर

ही गोष्ट २०२५ सालची. त्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये कामगारांमागे मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स नावाचा कर वाढला, आणि लंडनच्या हाउन्सलोतल्या एका घरात शशिकांत भलतेच खुशीत होते. विमानतळावरच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी दारोदार पत्रकं वाटली होती: कर पगारावर नको, धंदेवाल्यांवर बसवा.

"झालं एकदाचं," ते चहा ओतत म्हणाले. "पगारदाराला हात लावला नाही. भरू देत आता बिझनेसवाले."

"अहो, मग मी कोण?" वैजयंतीने विचारलं.

"तू? तुझं काय, तुझ्या पोळ्या."

त्या पोळ्या म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधलं मोठं किचन होतं. मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या तीसेक बायका तिथे पोळ्या लाटायच्या आणि त्या पश्चिम लंडनभर हॉटेलांत जायच्या. पण शशिकांतांच्या लेखी बिझनेस म्हणजे ग्रेट वेस्ट रोडवरच्या बड्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती. त्यात बायको कुठून बसणार?

सरकारने लहान धंद्यांना सवलत दिली होती, पण तीस जणींच्या पगारापुढे ती पुरेना. अकाउंटंटने स्पष्टच सांगितलं, एक माणूस कमी करा. म्हणजे सगळ्यांत नवी, ती शैला. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तिचं घर तिच्याच पगारावर चाललेलं.

वैजयंतीने हे सगळं नवऱ्याला सांगितलं.

"मला नाही सांगवणार तिला," ती म्हणाली. "उद्या तुम्हीच सांगा. लोकांच्या दारात उभं राहून छान बोलता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी शशिकांत किचनमध्ये गेले. शैलाला वाटलं, काकांना भूक लागली असेल.

"बसा ना काका. तव्यावरची घ्या. काकू म्हणतात तुम्हाला पापुद्रे सुटलेली आवडते. त्यांनीच शिकवलं मला. आधी नुसते नकाशे यायचे माझ्या हातून."

दोन पोळ्या खाऊन ते वैजयंतीच्या ऑफिसात आले.

"सांगितलंत?"

"तिच्या हातचं खाऊन कसं सांगू? मुद्दाम पाठवलंस ना मला?"

"हो."

ते खुर्चीवर बसले. व्हॅन चालवणारा हरीश महिनाअखेर लेस्टरला मुलीकडे कायमचा जाणार होता, आणि त्याच्या जागी माणूस शोधणं चालू होतं.

"हरीशच्या जागी कुणाला घेऊ नकोस," ते म्हणाले. "चावी मला दे. पगार मात्र नको. दिलास, तर त्याच्यावरही तुलाच भरावं लागेल."

"कळला म्हणायचा बिझनेस," वैजयंती म्हणाली आणि ड्रॉवरमधून चावी काढून तिने त्यांच्या पुढ्यात ठेवली.

हरीश लेस्टरला नातवंडांत रमला. शैला राहिली, आता नव्या बायकांना लाटायला तीच शिकवते. शशिकांत अजून व्हॅन चालवतात, ईलिंगच्या वन-वे रस्त्यांत हमखास चुकतात आणि कौन्सिलला नावं ठेवतात. कर पगारावर नको, हे त्यांचं मत काही बदललेलं नाही. फक्त 'धंदेवाल्यांवर' म्हणायची वेळ आली की ते जरा घुटमळतात. वैजयंती रोज त्यांना डबा भरून देते. त्यातली पोळी मात्र ती स्वतः लाटते, शैलाला हात लावू देत नाही.