सातव्या लाटेतला मासा

सुट्टीवर गेलं की अंसेल्मो मान वर करूनच चालायचा. निळ्या फरशांनी मढवलेल्या भिंती, खिडक्यांतल्या चादरी, वळचणीची पाकोळ्यांची घरटी, सगळ्याचं त्याला भारी कौतुक. त्याची बायको देओलिंदा मात्र सकाळपासून जमिनीकडे बघत चालली होती. काही हरवलंय का तुझं, म्हणून त्यानं तिला दोनदा चिडवलंही.

हरवलं काहीच नव्हतं, सापडायचं होतं. तिचे वडील फिर्मिनो फरसबंदीचे कारागीर. या गावातल्या सांता उर्सुलाच्या चौकात त्यांनी काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बसवल्या, त्याच उन्हाळ्यात तिकडे घरी, सेतुबालला, देओलिंदा जन्मली. फरसबंदीवाला कामात कुठेतरी गुपचूप आपली खूण सोडतोच. चर्चच्या पायरीपासून सातव्या लाटेत माझा मासा आहे, असं ते मरेपर्यंत सांगत. थोरला भाऊ एद्मुंदो हसायचा. बाबा तिथे नुसते दगड वाहायचे, बाकी सगळ्या थापा, म्हणायचा. त्या खरंच थापा निघाल्या तर, या धास्तीनं देओलिंदानं वयाची अडुसष्ट वर्षं होईपर्यंत इथे पाऊल टाकलं नव्हतं.

चौक समोर आला आणि ती जागीच थबकली. हे एवढं असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दगड पावलांनी झिजून ओल्यासारखे चकाकत होते. एकेक दगड मुठीत मावेल एवढा, पण लाट कुठेही तुटलेली नव्हती. बघता बघता अख्खा चौक हलतोय असं वाटायला लागलं. आणि हे सगळं गुडघ्यांवर बसून, हातांनी केलेलं. लोक त्यावरून आईस्क्रीम चाटत चालले होते.

पायरीपासून ती मोजत निघाली. सहावी लाट संपली आणि पुढे खड्डा लागला. नळ बदलायला तेवढाच भाग उकरला होता, कडेला दगडांचे ढीग.

खड्ड्याशी बुटक्या स्टुलावर पांढऱ्या मिशांचा एक कारागीर दगड ठोकत बसला होता. इथे एक मासा होता का, तिनं चाचरत विचारलं.

"कुणाचा?" त्याची हातोडी चालूच होती.

"फिर्मिनोचा. माझ्या बाबांचा."

हातोडी थांबली. "दुसऱ्याची खूण आम्ही मोडत नाही, बाई. वेगळी काढून ठेवतो आणि होती तिथेच परत बसवतो."

त्यानं स्टुलाखालचं फडकं उलगडलं. पांढरे दगड, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घातलेला. वाळूवर त्यानं ते जुळवले आणि मासा तयार झाला. तरी मूठभर दगड उरलेच.

"हे कशाचे?" देओलिंदानं विचारलं.

"त्याच्या पोटाशी असलेल्या पिल्लाचे. हात तोच आहे, पण हे मागाहून घातलंय. त्याला जागा करायला लाट जराशी वाकवली होती त्यानं."

पिल्लाबद्दल बाबा कधी एका शब्दानं बोलले नव्हते. देओलिंदा नव्या स्कर्टसकट वाळूत बसली. कारागिरानं हातोडी तिच्याकडे दिली आणि पिल्लाच्या शेपटीचा दगड कुठे बसवायचा ते बोटानं दाखवलं. अंसेल्मो तिची पर्स धरून मागे उभा होता. पहिल्यांदाच त्याची मान खाली होती.

"एद्मुंदोला फोन लाव," ती वर न बघता म्हणाली. "सांग त्याला, मासे दोन आहेत."