सगळ्यात गरीब कोण

मी तापट माणूस. व्याकरण शिकवताना पोरं जांभया द्यायला लागली की माझं डोकं फिरायचं. म्हणून मी एक युक्ती काढली. लोकांनी तिचं कौतुक केलं आणि मी शेफारलो, खोटं कशाला बोलू.

पूर्णेच्या अलीकडं एका खेड्यात आमची शाळा. साल अठ्ठ्याहत्तर. नामांतराच्या दंगलीत शाळा बरेच दिवस बंद राहिली आणि आठवीचं इंग्रजी पार मागं पडलं. काही विशेषणं चढवता-उतरवता येतात, काही येत नाहीत, हे पोरांच्या डोक्यात कसं घालायचं? मेलेल्या बैलाला आणखी मेलेला म्हणता येत नाही, पण उंच माणसापेक्षा उंच माणूस कुठं तरी सापडतोच. मग मी तीन पोरं फळ्यापुढं उभी करायचो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. फॅट, फॅटर, फॅटेस्ट. वर्ग पोट धरून हसायचा. ‘व्हेरी म्हंजे लय’ असं घोकत पोरं घरी जायची.

त्या वर्गात कमल होती, बायनाबाईची एकुलती एक लेक. नवरा गेल्यापासून बायनाबाई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची, पण लेकीला नर्स करायचं तिनं मनात घेतलं होतं. पोरगीही तशीच. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. माझ्या युक्तीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. उंच झालं, जाड झालं, साहेब खूश. ‘आणखी एखादं होऊन जाऊ द्या,’ म्हणाले. माझ्या अंगात आलं. मी फळ्यावर लिहिलं, पुअर. आणि वर्गाला विचारलं, ‘सांगा, पुअरेस्ट कोण?’

अख्ख्या वर्गानं एकदम बोट केलं. कमलकडं.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. ‘हात खाली घ्या, दुसरा शब्द घेऊ,’ एवढंच म्हणायचं होतं. पण साहेब बघत होते. मी म्हणालो, ‘ये पुढं.’ परकराचं ठिगळ मुठीत धरून ती आली.

‘वाक्य कर.’

‘आय ॲम द पुअरेस्ट गर्ल इन द क्लास.’ एकही चूक नाही.

‘व्हेरी गुड,’ साहेब म्हणाले आणि शेरेबुकात माझ्याबद्दल चार ओळी लिहून गेले. त्या ओळी मी संध्याकाळी बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आता सांगायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून कमल आली नाही. मी मनाला समजावलं, ताप आला असेल. आठवडा गेला, तसा मला घास गोड लागेना. शेवटी रविवारी तिच्या घरी गेलो. बायनाबाईनं लगबगीनं घोंगडी टाकली आणि गुळाचा चहा पुढं केला.

‘साहेबानं पोरीला शाबासकी दिली म्हनं, सर. तुमचे लय उपकार हायेत.’

पोरीनं आईला फक्त तेवढंच सांगितलं होतं. मी चहा तसाच खाली ठेवला.

‘मग ती शाळेत का येत नाही?’ मी विचारलं.

‘काय की. बस झालं शिकनं, म्हनली. मी लय समजावलं, ऐकंना. तुमी सांगा, तुमचं ऐकंल ती. वढ्याकडच्या रानात कापूस येचायलीय बगा.’

मी रानात गेलो. कमल कापूस वेचून ओटीत टाकत होती. मला बघितलं तरी तिचे हात थांबले नाहीत. वाटेनं मी बरंच काही जुळवत आलो होतो. त्यातलं एकच तोंडातून निघालं.

‘माझं चुकलं, कमल.’

तिनं पुढचं बोंड वेचलं.

‘परत ये. दहावी होईपर्यंत तुझी सगळी जिम्मेदारी माझी.’

‘न्हाई सर. आता मी कुटं बी दिसले की पोरं बोट करतेत.’

‘मी बघतो एकेकाकडं. कान उपटतो त्यांचे.’

‘त्यांनी काय केलं? तुमी इचारलं, त्यांनी सांगितलं.’

ती दोन झाडं पुढं गेली, मग थांबली.

‘एक सांगू का, सर?’

‘सांग.’

‘मी नसल्यावर आता वर्गात नर्मदा सगळ्यात गरीब हाय. तिला उभं करू नका.’

मी बरं म्हणालो. हजेरीपटातलं कमलचं नाव महिन्याभरानं मीच कमी केलं.