पांढरा माठ

मी शहाणपणा केला नसता तर माझी शितल आज डहाणूच्या दवाखान्यात अशी निपचित पडली नसती.

शितल अकरा वर्षांची. तिला साखरेचा आजार. दिवसातून दोनदा सुई टोचली तरच पोर जगते. सुईच्या औषधाची बाटली गार ठेवायची, आणि तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर फ्रीज आहे कुणाकडे? या दवाखान्यातल्या सिस्टरनीच सांगितलं होतं, बाटली घट्ट डबीत घाल आणि डबी माठातल्या पाण्यात सोड. दोन वर्षं तसंच नीट चाललं.

मी चिकूच्या वाडीत कामाला जाते. तिथे उन्हात दोन टाक्या आहेत, एक काळी, एक पांढरी. काळीतलं पाणी चटका देतं, पांढरीतलं बरं असतं. आमचा माठ काळाकुट्ट. माझ्या डोक्यात आलं, पांढरा केला तर बाटली आणखी गार राहील! वाडीच्या फाटकाचा उरलेला ऑइलपेंट मागून आणला आणि माठाला दोन हात दिले. शितलने त्यावर गेरूने मोर काढला. शेजारची जिवली म्हणाली, "संगिते, दृष्ट लागेल गं तुझ्या माठाला." मी अशी फुगले!

माठ पाझरायचाही बंद झाला. म्हटलं, चला, जमीन कोरडी राहील.

चार दिवसांनी शितलचा बापूस म्हणाला, "पाणी कोमट लागतंय." मी खेकसले, "मे महिना आहे, बर्फ लागणार आहे काय?" तांब्या ठेवून कामाला गेला बिचारा.

तिसऱ्या आठवड्यात शितल तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. मग ओकायला लागली. सुई मी एकदाही चुकवली नाही, देवाशपथ. आज सकाळी उठवलं तर डोळेच उघडेना. जीपवाल्याच्या पाया पडून इथे आणली.

सिस्टरनी सलाईन लावलं आणि माझी बाटली उजेडात धरली. "कशात ठेवत होतीस?"

"माठात. तुम्ही सांगितलं तसं."

"माठ बाहेरून ओला असतो ना?"

"नाही हो, आता कोरडाठक्क. पांढरा रंग दिलाय मी."

"अगं बाई!" सिस्टरनी बाटली खाली ठेवली. "पांढरा रंग उन्हातल्या टाकीला. तुझा माठ घरात, सावलीत. तो पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं गार होतं. तू त्याची भोकंच बुजवलीस. औषध केव्हाच निकामी झालं."

म्हणजे मी टोचत होते ते नुसतं पाणी! "आई, आज नको ना," पोर म्हणायची, आणि मी तिचा दंड दाबून धरायचे. कशासाठी? माझे हात झडले का नाहीत?

संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शितलचा बापूस दाराशी उकिडवा बसलाय. बोल की रे काहीतरी! शिव्या घाल, मार मला.

दुपारी शितलचे ओठ हलले. मी कान लावला.

"आई, पाणी. आपल्या मोराच्या माठातलं."

सिस्टर म्हणाल्या, चमचाभर दे. मी दवाखान्याच्या नळाचं पाणी आणलं.

"घे बाय," मी म्हटलं. "त्यातलंच आहे. गार आहे."